विश्लेषण : जुन्या गाडीचा रेडिएटर गळतोय; डाग द्यावा की नवा बसवावा? जोतिबाचा घाट चढण्याआधी हे वाचा

रविवारची सकाळ. पंधरा-सोळा वर्षांची जुनी गाडी, मागच्या सीटवर आजी आणि मुले, डिकीत नारळ आणि गुलालाची पिशवी. कोल्हापुरातून निघून केर्लीपर्यंत गाडी अगदी सुरळीत येते. तिथून रस्ता डोंगराकडे वळतो, गिअर तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येतो आणि चार-पाच वळणांनंतर तापमानाचा काटा वर सरकू लागतो. थोड्या वेळाने बॉनेटच्या फटीतून वाफ येते. गाडी कडेला घेतली जाते आणि मालक म्हणतो, ‘आठ दिवसांपूर्वीच तर रेडिएटरला डाग दिला होता. गावात तर काहीच त्रास नव्हता!’

जोतिबाच्या वाटेवर, विशेषतः चैत्र यात्रेच्या आणि खेट्यांच्या दिवसांत, हे दृश्य नवे नाही. गावात न गळणारा रेडिएटर घाटात का गळतो? गळती दुरुस्त होण्यासारखी आहे की नाही, हे कसे ओळखायचे? आणि जुन्या गाडीवर नव्या रेडिएटरचा खर्च करणे शहाणपणाचे आहे का? समजून घेऊया.

गावात चालणारी गाडी घाटातच का उकळते?

कोल्हापूर शहर समुद्रसपाटीपासून साधारण १८०० फुटांवर आहे, तर वाडी रत्नागिरीचा जोतिबा डोंगर सुमारे ३१०० फुटांवर. म्हणजे जेमतेम १८ किलोमीटरच्या प्रवासात गाडी तेराशे फूट वर जाते आणि त्यातली बहुतेक चढण शेवटच्या टप्प्यात आहे.

इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश उष्णता चाके फिरवायला उपयोगी पडते, एक तृतीयांश सायलेन्सरमधून जाते आणि उरलेली पाण्यावाटे रेडिएटरला बाहेर टाकावी लागते. घाटात तीन गोष्टी एकदम घडतात. इंजिनावरचा भार वाढतो, त्यामुळे उष्णता वाढते. वेग कमी होतो, त्यामुळे समोरून रेडिएटरवर येणारा वारा कमी होतो. आणि यात्रेच्या गर्दीत गाडी थांबत-थांबत चढत असेल, तर सगळी भिस्त एकट्या पंख्यावर येते. त्यात चैत्रातले ऊन आणि सुरू असलेला एसी. अर्ध्या ताकदीने काम करणारा रेडिएटर सपाट रस्त्यावर निभावून नेतो. घाटात मात्र त्याला पूर्ण ताकद लागते.

बारीकशा गळतीने इतका फरक पडतो का?

पडतो, आणि तो फक्त पाणी कमी झाल्यामुळे नाही. रेडिएटर हा एक प्रकारचा कुकर आहे. घरच्या कुकरमध्ये दाब वाढला की पाणी शंभर अंशांच्या पुढे जाऊनही उकळत नाही. रेडिएटरचे झाकण तेच काम करते. त्यातली स्प्रिंग साधारण ०.९ ते १.१ बार इतका दाब धरून ठेवते. त्यामुळे आतले साधे पाणीही ११५ अंशांच्या वर गेल्याशिवाय उकळत नाही. त्यात निम्मे कूलंट असेल तर ही मर्यादा आणखी वाढते.

आता गळती लागली की दाब टिकत नाही. शिट्टीची जागा सैल झालेल्या कुकरसारखी गत होते. जोतिबाच्या उंचीवर उघड्या भांड्यातले पाणी सुमारे ९७ अंशांनाच उकळते. चालत्या इंजिनातले पाणी तर नेहमीच ९० ते १०० अंशांच्या आसपास असते. म्हणजे दाब गेला की गाडी उकळण्याच्या उंबरठ्यावरच चालत असते. घाटाचा भार पडला की ती उंबरठा ओलांडते.

म्हणूनच ‘रोज सकाळी लिटरभर पाणी टाकले की चालते’ हा हिशेब गावात जमतो, घाटात चुकतो. पाणी भरता येते, गेलेला दाब भरता येत नाही.

गळती नक्की रेडिएटरचीच आहे का?

खर्च करण्याआधी हे पाहायलाच हवे. रात्री गाडीखाली पुठ्ठा किंवा जुना पांढरा कागद पसरा आणि सकाळी डाग कुठे पडला ते बघा.

• पुढच्या बाजूला हिरवट, लालसर किंवा गंजकट डाग : रेडिएटर किंवा त्याचे होज पाइप. पाइपाची क्लिप सैल असेल तर काम काही रुपयांत भागते.
• इंजिनाच्या पट्ट्याच्या बाजूला थेंब : वॉटर पंप, म्हणजे गॅरेजच्या भाषेतली वॉटर बॉडी. तिचे सील गेले की खालच्या बारीक भोकातून पाणी टपकते.
• पुढच्या सीटसमोरचा गालिचा ओला आणि गोडसर वास : डॅशबोर्डच्या आतला हीटरचा छोटा रेडिएटर.
• एसी चालवल्यावर पडलेले स्वच्छ, बिनवासाचे पाणी : ही गळतीच नाही. हवेतल्या ओलाव्याचे ते पाणी आहे.
• बाहेर कुठेच थेंब नाही, तरी पाणी कमी होते : ही सगळ्यांत काळजीची खूण. पाणी इंजिनाच्या आत जात असू शकते. सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर, ऑइल दुधाळ होणे, थंड गाडी झाकण उघडून सुरू केल्यावर पाण्यात सतत बुडबुडे, यांपैकी काही दिसले तर हेड गॅस्केट तपासून घ्या. अशा गाडीला नवा रेडिएटर बसवला तरी ती उकळणारच.

झाकणही विसरू नका. त्याचे रबर कडक झाले किंवा स्प्रिंग सैल पडली, तर रेडिएटर धडधाकट असूनही दाब टिकत नाही. या सगळ्या यादीत सर्वांत स्वस्त वस्तू तीच आहे. आधी ती बदलून पाहावी.

तुमच्या गाडीत कोणता रेडिएटर आहे?

दुरुस्ती की बदल, या प्रश्नाचे निम्मे उत्तर इथेच मिळते.

तांबे-पितळेचा रेडिएटर : ॲम्बॅसिडर, प्रीमियर पद्मिनी, जुन्या जीप अशा गाड्यांत हा असतो. वरची-खालची टाकी पितळेची, मधली जाळी तांब्याची. वजनाला जड. हा दुरुस्त होण्यासाठीच बनलेला असतो. तांबे-पितळेला डाग चांगला धरतो. आपल्याकडे पितळेच्या भांड्यांना डाग देणारे कारागीर पूर्वापार आहेत. हे काम त्याच जातकुळीचे आहे.

ॲल्युमिनियम-प्लास्टिकचा रेडिएटर : नंतरच्या बहुतेक गाड्यांत हाच आहे. मधली जाळी ॲल्युमिनियमची आणि दोन्ही टाक्या काळ्या प्लास्टिकच्या. टाकी आणि जाळी यांच्यामध्ये रबरी गॅस्केट असते आणि धातूच्या कडा दाबून जोड पक्का केलेला असतो. हा हलका आणि स्वस्त. पण वर्षानुवर्षे गरम-थंड होऊन प्लास्टिक ठिसूळ होते आणि जोडाजवळ चीर पडते. ॲल्युमिनियमवर हवेतल्या ऑक्सिजनमुळे लगेच पातळ थर चढतो, त्यामुळे साधा डाग त्याला धरत नाही.

ओळखायचे कसे? टाकीवर नखाने टकटक करा. प्लास्टिकचा आवाज लगेच कळतो. रंगाखाली पिवळा धातू दिसला तर पितळ.

डाग कधी द्यावा?

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात किंवा गोकुळ शिरगाव, शिरोलीच्या औद्योगिक पट्ट्यात यंत्रकामाची परंपरा मोठी आहे. ऑइल इंजिनांपासून सुटे भाग बनवणाऱ्या या गावात जुना रेडिएटर हाताळणारा जाणकार मेस्त्री शोधणे अवघड नाही. मात्र काम कसे होते, हे गाडीमालकाला माहीत असावे.

नीट काम करणारा मेस्त्री रेडिएटर गाडीवर ठेवून डाग देत नाही. तो खाली उतरवतो, आतून-बाहेरून धुतो, तोंडे बंद करून आत हवेचा दाब देतो आणि पाण्याच्या हौदात बुडवतो. सायकलच्या ट्यूबचे पंक्चर जसे बुडबुड्यांवरून कळते, तसेच इथे. मग खरवडून स्वच्छ केलेल्या जागी डाग देतो आणि पुन्हा बुडवून पाहतो. तांबे-पितळेच्या रेडिएटरमध्ये गाळ साचला असेल तर टाकी उघडून नळ्यांमधून सळई फिरवतात. याला रॉडिंग म्हणतात. जाळीच सडली असेल तर जुन्या टाक्यांमध्ये नवी जाळी बसवता येते. ज्या जुन्या गाडीचा नवा रेडिएटर बाजारात मिळत नाही, तिच्यासाठी हाच मार्ग.

इथे एक प्रश्न जरूर विचारा : ‘मेस्त्री, किती नळ्या बंद केल्या?’

गळकी नळी आत असेल आणि डाग पोहोचत नसेल, तर ती दोन्ही टोकांनी बंद करून टाकतात. गळती थांबते, पण त्या नळीतून पाणी फिरणेही थांबते. एखादी नळी बंद केली तर फारसे बिघडत नाही. चार-पाच बंद केल्या, उरलेल्यांत निम्मा गाळ असला आणि बाहेरची पाती झडलेली असली, तर रेडिएटर गळत नाही, पण पुरेसे थंडही करत नाही. ‘गावात चालते, घाटात उकळते’ या तक्रारीमागे अनेकदा हेच कारण असते. गळती थांबली म्हणजे रेडिएटर बरा झाला, असे नाही.

डाग द्यावा, तो अशा वेळी : रेडिएटर तांबे-पितळेचा आहे, गळती एक-दोन ठिकाणीच आहे, टाकीच्या जोडावर किंवा पाइपाच्या तोंडाशी आहे आणि जाळी अजून मजबूत आहे.

नवा कधी बसवावा?

• प्लास्टिकच्या टाकीला चीर गेली असेल. एम-सील किंवा तत्सम लेप लावून चीर काही दिवस झाकली जाते. पण गरम टाकी फुगते, लेप फुगत नाही. दाब आला की तो सुटतो. काही ठिकाणी फक्त टाकी आणि गॅस्केट बदलून मिळते. जाळी चांगली असेल तरच ते करावे.
• जाळीची पाती बोट लावताच भुकटी होऊन गळत असतील.
• एकदा दुरुस्त केल्यावर काही महिन्यांत दुसऱ्याच जागी गळती लागली असेल. धातू सगळीकडेच पातळ झाल्याची ती खूण आहे.
• दुरुस्तीचा खर्च नव्याच्या किमतीच्या निम्म्याच्या पुढे जात असेल.

लहान गाडीचा ॲल्युमिनियमचा रेडिएटर सहसा काही हजारांत येतो. उकळत्या गाडीचे हेड वाकले, गॅस्केट उडाले आणि हेड उतरवून फेसिंग करायची वेळ आली, तर खर्च त्याच्या कितीतरी पट होतो. इंजिन जाम झाले तर जुन्या गाडीच्या बाबतीत ती दुरुस्त करण्यात अर्थच उरत नाही. तुलना डागाची आणि नव्या रेडिएटरची करू नका. रेडिएटरची आणि इंजिनाची करा.

नवा घेताना गाडीचे मॉडेल, वर्ष, पेट्रोल की डिझेल, एसी आहे की नाही, हे सगळे सांगा. एसी नसलेल्या गाडीचा रेडिएटर बहुधा पातळ असतो. गाडीला नंतर बाहेरून एसी बसवला असेल तर हे दुकानदाराला आवर्जून सांगा. जुना रेडिएटर सोबत नेऊन पाइपांची तोंडे, कान आणि पंख्याच्या स्विचची जागा जुळवून पाहणे सर्वांत खात्रीचे. बिल आणि वॉरंटी लेखी घ्या.

हळद टाकली तर गळती थांबते ना?

हा सल्ला प्रत्येक ढाब्यावर मिळतो, आणि त्यात थोडे तथ्य आहे. हळदीची पूड पाण्याबरोबर फिरते, बारीक छिद्रापाशी साचते आणि गळती तात्पुरती मंदावते. बाजारातली गळती-रोधक पावडर किंवा द्रावणही बहुधा याच पद्धतीने काम करते. अडचण अशी की छिद्र कोणते आणि नळी कोणती, हे हळदीला कळत नाही. आधीच अरुंद झालेल्या नळ्या, हीटरचा बारीक रेडिएटर आणि थर्मोस्टॅट इथेही ती साचते. रात्री आडरानात अडकलात आणि गावापर्यंत पोहोचायचे आहे, तर शेवटचा उपाय म्हणून ठीक. पण त्यानंतर पूर्ण यंत्रणा धुवून घ्यावी लागते. हळद टाकून घाट चढायला निघणे मात्र नक्कीच चूक. सांगलीची हळद स्वयंपाकघरातच राहू द्या.

रेडिएटरसोबत आणखी काय बदलावे?

नवे झाकण, कडक किंवा फुगलेले होज पाइप आणि त्यांच्या क्लिपा एकाच वेळी बदला. कित्येक जुन्या गाड्यांतला थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह ‘गाडी गरम होते’ म्हणून काढून टाकलेला असतो. तो परत बसवून घ्या. तो नसेल तर इंजिन लवकर तापत नाही, इंधन जास्त लागते आणि काही इंजिनांत तर पाण्याचा काही भाग रेडिएटरला वळसा घालूनच फिरत राहतो.

बोअरच्या पाण्याने नळ्यांमध्ये क्षार साचतात. तयार मिश्रण केलेले कूलंट असेल तर ते तसेच वापरा. दाट कूलंट असेल तर बॅटरीसाठी मिळणारे शुद्ध पाणी निम्मे मिसळा. दोन वेगळ्या प्रकारची कूलंट एकत्र करू नका. फक्त रंग सारखा आहे म्हणून प्रकार सारखा असतोच असे नाही.

भरताना घाई नको. थंड गाडीत हळूहळू भरा, झाकण उघडे ठेवून इंजिन चालू करा, हीटर असेल तर तो गरमवर ठेवा. वरचा पाइप गरम होऊन बुडबुडे थांबेपर्यंत पातळी भरत राहा. आत हवा अडकली तर नवा रेडिएटर असूनही गाडी गरम होते.

जुने कूलंट गटारात ओतू नका. ते विषारी असते आणि चवीला गोड, त्यामुळे कुत्री-मांजरे, जनावरे ते चाटतात. गटारातले पाणी शेवटी पंचगंगेकडेच जाते. ते डब्यात भरून गॅरेजमध्ये द्या.

घाटातच गाडी गरम झाली तर?

काटा अर्ध्याच्या वर जाऊ लागला की लगेच एसी बंद करा. हीटर असेल तर पूर्ण गरमवर आणि पंखा जोरात. आत उकडेल, पण इंजिनाची थोडी उष्णता बाहेर पडते. तरीही काटा चढत असेल तर सुरक्षित जागा पाहून थांबा. हँडब्रेक लावा, गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकामागे दगड लावा आणि आजी-आजोबा, मुलांना रस्त्यापासून दूर उभे करा. सोबतची माणसे उतरल्यावर चाकाचा दगड आठवणीने तपासा.

यानंतरची सर्वांत महत्त्वाची सूचना : झाकण उघडू नका. किमान अर्धा तास थांबा. वरचा पाइप हाताला थंड लागला पाहिजे. दाबाखालचे पाणी झाकण उघडताच वाफेसह उसळते आणि चेहरा, हात भाजतात. तसे झालेच तर भाजलेल्या जागी वीस मिनिटे वाहते साधे पाणी घाला. हळद, टूथपेस्ट, तेल काहीही लावू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

गरम इंजिनावर किंवा आत एकदम थंड पाणी ओतू नका, धातूला तडा जाऊ शकतो. आणि काटा अचानक खाली आला म्हणून पुढे निघू नका. पाणीच संपले असेल तर तापमान मोजणारा सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खोटे सांगतो.

इंजिन बंद करून उतारावर गाडी सोडून देण्याचा मोह तर अजिबात नको. इंजिन बंद असताना ब्रेकला मिळणारी मदत एक-दोनदा दाबल्यावर संपते, पॉवर स्टीअरिंगही जड होते.

गाडीच जुनी आहे, एवढा खर्च का करावा?

हा प्रश्न रास्त आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून आणि पर्यावरण कर भरून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घेता येते. तुम्ही नूतनीकरण केले असेल किंवा करणार असाल, तर गाडी आणखी काही वर्षे चालवायची हे ठरलेलेच आहे. मग नव्या रेडिएटरचा खर्च त्या वर्षांवर विभागून पाहा. दर वर्षाला तो फार येत नाही. गाडी दोन-चार महिन्यांत काढायची असेल, तर नीट केलेला डाग पुरेसा आहे. मात्र तेवढे महिने घाट, लांबचा प्रवास आणि भरलेली गाडी टाळा. घेणाऱ्यालाही दुरुस्तीची कल्पना द्या.

निघण्याआधीची पाच मिनिटांची तपासणी

• गाडी थंड असताना रेडिएटर आणि बाजूची बाटली, दोन्हींतली पातळी पाहा.
• दुरुस्तीनंतर लगेच जोतिबाला निघू नका. आधी जागेवर एसी लावून अर्धा तास इंजिन चालू ठेवा. पंखा दोन-तीनदा सुरू होऊन बंद झाला पाहिजे.
• दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी पुन्हा पाहा. कमी झाली असेल तर काम अपुरे आहे.
• रेडिएटरच्या जाळीत धूळ, किडे, उसाच्या पाचटाचे कण आणि मागच्या यात्रेचा गुलाल अडकलेला असतो. मागच्या बाजूने, हलक्या धारेने धुवा. जोराच्या धारेने पाती वाकतात.
• पाच लिटर पाणी, जाड फडके आणि चाकाला लावायला लाकडी ठोकळा डिकीत ठेवा.

आणि एवढे करूनही मनात शंका असेल, तर त्या रविवारी जुनी गाडी घरीच ठेवा आणि एसटीने जा. रेडिएटरचे काम सोमवारी होऊ शकते.